चित्रफितींचा ऱ्हास

चलच्चित्र, छायाचित्र व क्ष-किरण यांसाठी वापरल्या जाणाऱ्या फिल्मच्या पारदर्शक आधाराचे कालांतराने होणारे रासायनिक विघटन. फिल्मवरची कृष्णधवल प्रतिमा जिलेटिनच्या थरातील चांदीच्या सूक्ष्म कणांची असते व ती पुष्कळ टिकाऊ असते. आधी खचतो तो तिच्याखालचा आधार. हा आधार दीर्घकाळ सेल्युलोजपासून बनवलेल्या बहुवारिकांचा (पॉलिमरांचा) होता : प्रथम सेल्युलोज नायट्रेट (सुमारे १८८९ ते १९५१) व नंतर सेल्युलोज ॲसिटेट.

उगम : नायट्रेट आधाराचे जनकत्व वादग्रस्त आहे. क्रिस्टियान शोनबाइन यांनी १८४६ च्या सुमारास कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक अम्लांची प्रक्रिया करून स्फोटक कापूस मिळवला. अलेक्झांडर पार्क्स यांनी त्याच वर्गातील द्रव्यापासून घडवलेल्या वस्तू १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडल्या. अमेरिकेत जॉन हायट यांनी कापूर मिसळून ‘सेल्युलॉइड’ तयार केले (सुमारे १८७०). त्यावरून पार्क्स यांचे सहकारी डॅनियल स्पिल यांनी खटला भरला. न्यायालयाने १८८४ मध्ये मूळ संशोधनाचे श्रेय पार्क्स यांना दिले, मात्र हायट यांच्या उत्पादनास मुभा राहिली. धंदा म्हणून ते उभे करण्याचे श्रेय हायट यांच्याकडेच जाते, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि ते रास्त वाटते. गुंडाळता येणाऱ्या फिल्मबाबतही असाच तंटा झाला. हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकाने १८८७ मध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला, पण ते मिळायला १८९८ उजाडले. दरम्यान १८८९ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीने (पुढील कोडॅक) आपली फिल्म बाजारात आणली. अखेर १९१४ मध्ये ईस्टमन कंपनीला ५० लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

नायट्रेटचा ऱ्हास : विघटनाचे बीज निर्मितीतच पडलेले असते. धुऊन पूर्णपणे न निघालेला अम्लाचा अंश, उष्णता व दमट हवा यांमुळे सेल्युलोजच्या साखळीवरील नायट्रेट गट सुटू लागतात. नायट्रोजन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो, ओलाव्याशी मिळून अम्ल बनतो आणि ते अम्ल उरलेले गट अधिक वेगाने तोडते. ही क्रिया स्वतःच स्वतःला वेग देते, म्हणून बंद डब्यातली फिल्म हवेशीर ठेवलेल्या फिल्मपेक्षा लवकर बिघडते. साखळ्या तुटत गेल्याने आधार ठिसूळ होतो, आणि कापूर उडून गेल्याने तो आक्रसतो. संग्रहालयांत ऱ्हासाच्या पाच अवस्था मानतात : पिवळसर-तपकिरी झाक व प्रतिमा फिकी होणे, वेटोळी चिकटणे, पृष्ठावर मधासारखे फुगे, रिळाचा एकसंध गोळा, आणि शेवटी तांबूस भुकटी. पहिल्या दोन अवस्थांत बहुधा प्रत काढता येते. तिसऱ्या अवस्थेत रिळाचा काही भागच वाचतो.

नायट्रेटच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने पेटलेली फिल्म पाण्याखालीही जळते. सडलेले रीळ सुमारे ४१° से. तापमानात दीर्घकाळ राहिल्यास आपोआप पेटू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. विदर्भातील उन्हाळ्याचा विचार करता ही मर्यादा फार जवळची आहे. धूरही घातक असतो : १९२९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथील रुग्णालयात क्ष-किरण फिल्म जळून शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांतील अनेक वायूंमुळे.

ॲसिटेट व ‘व्हिनेगार सिंड्रोम’ : आगीच्या भीतीपोटी ॲसिटेट आधाराची ‘सेफ्टी’ फिल्म पुढे आली. हौशी वापराची १६ मिमी फिल्म १९२३ पासून याच आधारावर निघाली. व्यावसायिक ३५ मिमी फिल्मसाठी सेल्युलोज ट्रायॲसिटेट १९४८ मध्ये आले. ते सहज पेटत नाही, पण टिकाऊपणाचा अंदाज चुकला. जलीय विच्छेदनाने (ओलाव्यामुळे रेणू तुटण्याने) ॲसिटाइल गट सुटून ॲसिटिक अम्ल बनते, डबा उघडताच शिरक्याचा (व्हिनेगारचा) उग्र वास येतो. आधार आक्रसतो, जिलेटिन तेवढे आक्रसत नाही, त्यामुळे प्रतिमेवर सुरकुत्या पडतात. सुमारे १ टक्का आक्रसलेली फिल्म प्रोजेक्टरवर चालवणे अवघड होते. लवचीकपणासाठी मिसळलेले द्रव्यही पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात बाहेर येते. या बिघाडाची पहिली तक्रार ट्रायॲसिटेट बाजारात आल्यानंतर दशकभरातच भारत सरकारकडून कोडॅककडे गेली, असे नोंदले जाते. त्या फिल्म उष्ण-दमट जागेत ठेवलेल्या होत्या. म्हणजे भारतीय हवामानाने हा दोष जगाच्या आधी दाखवून दिला होता.

अमेरिकेतील रोचेस्टर येथील इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार सुमारे २१° से. तापमान व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मला वास सुटायला साधारण ४० वर्षे लागतात. थंडावा वाढवल्यास ही मुदत कित्येक पटींनी वाढते. अम्लता ठराविक पातळी ओलांडल्यावर वेग झपाट्याने चढतो. ती ओळखण्यासाठी डब्यात निळ्या रंगाची सूचक पट्टी ठेवतात. अम्ल वाढेल तशी ती हिरवी, मग पिवळी होते. बाधित रिळाचे बाष्प शेजारच्या निरोगी रिळांनाही लागते की नाही, याबाबत मतभेद आहेत. अशी रिळे वेगळी ठेवणे हाच सुज्ञ मार्ग होय.

नायट्रेट लवकर मरते, म्हणून त्याची ॲसिटेटवर प्रत काढून मूळ रीळ नष्ट करण्याची चाल अनेक देशांत होती. आज ती घातक ठरलेली दिसते. नीट जपलेली नायट्रेट रिळे शंभर वर्षांनंतरही सुस्थितीत आढळली आहेत, आणि त्यांच्या प्रती मात्र वास मारू लागल्या आहेत. मूळ रीळ टाकून देणे हा अक्षम्य उतावळेपणा होय.

भारतातील स्थिती : पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तेथील अभिरक्षक पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग मिळवून जपले. ‘राजा हरिश्चंद्र’ची उपलब्ध रिळे १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, हा वाद मिटलेला नाही. भारतात बनलेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी जेमतेम तीसेक पूर्ण वा अंशतः उरले आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) उपलब्ध नाही. या हानीचे सारे खापर रसायनावर फोडता येत नाही : चांदी काढण्यासाठी रिळे विकली गेली, काही आगीत गेली. पुण्यातील एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) या संस्थेच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला. त्यांतील काहींच्या प्रती आधी निघाल्या होत्या. एकूण हानीच्या आकड्यांत एकवाक्यता नाही.

पॉलिएस्टर : या आधारावर प्रिंट काढण्याची पद्धत १९९० नंतर रूढ झाली. त्याचे विघटन फार मंद असते. मात्र रंगीत फिल्ममधील रंजके आधार शाबूत असतानाही फिकी होतात, आणि ॲसिटेट फिल्मवर चुंबकीय ध्वनिपट्टी असल्यास तिच्यातील लोह-ऑक्साइडामुळे आधाराचा ऱ्हास आणखी वेगाने होतो.