बिअरच्या चोथ्याचा पाव फुगत का नाही?

बिअर बनवताना उरलेल्या चोथ्याचे पाव म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : त्यात दारू असते का? मुलांना चालतील का? पुण्यात, बेंगळुरूत मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारे छोटे कारखाने, वाढल्या, तसा हा चोथा घरी बेकिंग करणाऱ्यांच्या हाती येऊ लागला आणि त्यासोबत हा गैरसमजही आला.

चोथ्यात दारू नसते, कारण तो बाजूला काढतात तेव्हा यीस्ट घातलेलंच नसतं. मोड आणून वाळवलेला सातू (बार्ली), म्हणजे माल्ट, भरडून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातली अमायलेज विकरं स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. ते गोड पाणी गाळून घेतात, उकळतात, निववतात आणि मग त्यात यीस्ट पडतं. मागे उरतात सालपटं, तंतू आणि प्रथिनं. १०० लिटर बिअरमागे सुमारे २० किलो ओला चोथा. एरवी हा गुरांना जातो. अल्कोहोल तयार होतं ते खरं तर कुठल्याही साध्या पावाच्या कणकेत. भट्टीत त्यातलं बहुतेक उडून जातं. चोथ्याचा विटाळ मानायला कसलाही आधार नाही.

खरी अडचण निराळी आहे. चोथ्याचे पाव दडस होतात. मग लोक यीस्ट दुप्पट घालतात, तरी ते बसतातच. दोष यीस्टचा नसतोच.

मैदा पाण्यात मळला की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांचं मिळून ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लायडिनमुळे ते पसरतं, ग्लुटेनिनमुळे ताणल्यावर मागे येतं. मळताना या जाळ्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. यानंतर जे घडतं ते मला फार विलक्षण वाटतं. यीस्ट नवा बुडबुडा तयार करत नाही! अगदी इवल्या बुडबुड्यात पृष्ठताणामुळे दाब इतका प्रचंड असतो की वायूला नव्याने जागा उघडता येत नाही. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आधी कणकेतल्या पाण्यात विरघळतो आणि तिथून मळताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमध्ये शिरतो. पावाला जाळी किती बारीक पडणार, हे बरंचसं मळतानाच ठरतं.

बुडबुडे फुगतात तशा त्यांच्या भिंती पातळ होत जातात. सातूची सालपटं कडक आणि टोकदार. फुग्याला बाभळीचा काटा लागावा तशी ती भिंत फोडतात, शेजारचे बुडबुडे एक होतात आणि वायू निसटतो. दुसरा फटका पाण्याचा. सालपटांत अरॅबिनोझायलन नावाचं कर्बोदक असतं. त्याचा विरघळणारा भाग पाणी दाट करून बुडबुड्यांना आधार देतो, पण तो माल्ट भिजवतानाच गोड पाण्याबरोबर निघून जातो. चोथ्यात राहतो तो मुख्यतः न विरघळणारा भाग. त्याच्या साखळ्या फेरुलिक आम्लाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तो पाणी ओढतो आणि ग्लुटेनला कोरडं पाडतो. मोठ्या बेकऱ्या यावर झायलनेज विकर वापरतात. ते या साखळ्या तोडतं.

घरी झायलनेज नसलं तरी क्रम बदलता येतो. ५०० ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम ओला चोथा पुरे. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आधी नीट मळा. कणीक बोटांवर ताणली तर तिचा पातळ पडदा व्हावा, पलीकडचा उजेड दिसावा आणि तो फाटू नये. मग निथळलेला चोथा दुमडत दुमडत घाला. वाळवून दळलेल्या चोथ्यापेक्षा मी ओलाच पसंत करते, कारण तो आधीच पाण्याने तट्ट भरलेला असतो. दळल्याने टोकं जातात खरी, पण वाळलेला असल्याने तो कणकेतलं पाणी ओढतो. गोळे दुप्पट फुगले की २०० अंशांवर वीसेक मिनिटं भाजा. आपल्या हवेत ओला चोथा दिवसभरात आंबतो, म्हणून आणल्या आणल्या लहान पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाका.

याला 'प्रोटीन पाव' म्हणून विकणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. ओल्या चोथ्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं. १५० ग्रॅममध्ये कोरडा ऐवज ३५ ग्रॅमच्या आसपास, त्यात प्रथिनं सुमारे २० टक्के, म्हणजे ७ ग्रॅम. दहा पाव केले तर प्रत्येकात चोथ्यातून पाऊण ग्रॅमही येत नाही. तंतू मात्र दीड ग्रॅमच्या पुढे मिळतात आणि मैद्याच्या पावासाठी ती चांगली भर आहे. स्टार्च गेलं म्हणजे ग्लुटेनही गेलं, असाही एक दावा ऐकू येतो. तो धोकादायक आहे. सातूतलं हॉर्डिन हे ग्लुटेनच्याच कुळातलं प्रथिन, आणि ते बहुतांशी चोथ्यातच राहतं. सीलिअॅकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा, आजार असणाऱ्यांनी हा चोथा ग्लुटेनरहित पिठात मिसळूनही खाऊ नये.