धावणे आधी की वजने आधी : आमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

आमच्या साताऱ्यातील व्यायामशाळेत संध्याकाळी येणारा सभासद सहसा पिशवी कोपऱ्यात ठेवतो, ट्रेडमिल मोकळी आहे का ते पाहतो, तीस-चाळीस मिनिटे धावून घामाघूम होतो आणि मग स्क्वॅटच्या, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांच्या, स्टँडकडे वळतो. हा क्रम बदलावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्रक काढले आहे. यात सभासदांचा दोष नाही. सुरुवातीची काही वर्षे आम्हीच प्रत्येक नव्या सभासदाला आधी ट्रेडमिलवर पाठवत होतो आणि तो सल्ला योग्य नव्हता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

धावून दमलेल्या पायांनी बार, म्हणजे वजने लावायचा दांडा, खांद्यावर घेतला की काय होते, हे आमचे प्रशिक्षक जवळून पाहत आले आहेत. पहिल्या चार-पाच रेप, म्हणजे बैठकीच्या आवृत्त्या, नीट जातात. सहाव्या-सातव्या रेपला खाली बसताना टाचा जमिनीवरून सुटू लागतात, वर उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि कंबर गोल होते. आदल्या आठवड्यात जे वजन सहज उठले होते, तेच मांड्यांना पेलत नाही आणि त्याचा भार कमरेवर येतो. मग सभासद वजन कमी करतो, ताकद वाढत नाही म्हणून निराश होतो आणि काही जण वजनांचा नादच सोडून देतात.

म्हणून ज्यांना एकाच वेळी दोन्ही प्रकार करायचे आहेत आणि ज्यांचा मुख्य उद्देश ताकद, सुदृढ स्नायू किंवा चरबी कमी करणे हा आहे, त्यांनी आधी वजने आणि नंतर कार्डिओ, म्हणजे धावणे, सायकल असा दम लागणारा व्यायाम, हा क्रम ठेवावा. सुरुवातीला पाच ते दहा मिनिटे सायकल किंवा भरभर चालणे जरूर करावे, परंतु ते अंग गरम करण्यापुरतेच असावे. त्यानंतर रिकाम्या बारने एक-दोन हलके सेट (सलग मारलेल्या रेपचा एक फेरा म्हणजे सेट) करून मगच खरे वजन चढवावे. ज्यांना शर्यतीत धावायचे आहे, त्यांनी मात्र आपले धावणे आधी, ताज्या पायांनी करावे. ज्या गोष्टीत प्रगती हवी आहे तिला ताजे शरीर द्यायचे, हाच या क्रमामागचा विचार आहे.

कार्डिओने स्नायू झिजतात, ही भीती आम्हाला जवळजवळ रोज ऐकायला मिळते. तिचे मूळ अगदीच खोटे नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा, दुसऱ्याने सहा दिवस दमसासाचा आणि तिसऱ्याने हे दोन्ही व्यायाम दहा आठवडे केले. तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला, पण पायांची ताकद सात-आठ आठवड्यांपर्यंत वाढून थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरू लागली. मात्र त्या गटावर किती भार होता, हेही पाहायला हवे. आठवड्यातून तीन दिवस वजने आणि दोन-तीन दिवस मध्यम गतीचा कार्डिओ करणाऱ्या नोकरदार माणसाने या प्रयोगाला घाबरून धावणे सोडण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी दिलेल्या सल्ल्यातही दोन्हींचा समावेश आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. मध्यम गती म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागणे.

शक्य असल्यास दोन्ही व्यायाम वेगवेगळ्या दिवशी करावेत. एकाच दिवशी करायचे झाल्यास मध्ये किमान सहा तास जाऊ द्यावेत. पहाटे धावणे आणि संध्याकाळी वजने, अशी विभागणी अनेकांना सोयीची पडते. तालमीतला पैलवान पहाटे धावून जोर-बैठकाही मारतो, हे खरे; पण त्याचा सारा दिवस, खुराक आणि दुपारची झोप त्या मेहनतीसाठीच राखलेली असते. एमआयडीसीत रात्रपाळी करून येणाऱ्या सभासदाने त्याची बरोबरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या गावच्या चढ-उतारांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. अजिंक्यताऱ्यावर किंवा यवतेश्वरच्या घाटात चढताना धाप लागते, त्यामुळे सारा व्यायाम चढणीतच झाला असे वाटते. प्रत्यक्षात मांड्यांना जास्त इजा उतारावर होते, कारण प्रत्येक पावलाला शरीर थोपवून धरताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. हे दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दोन-तीन दिवस राहू शकते. रविवारी घाट उतरून आलेल्या सभासदाने सोमवारी स्क्वॅट किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभे राहणे) न करता छाती, पाठ आणि खांद्यांचा व्यायाम घ्यावा आणि पायांचा दिवस बुधवारी किंवा गुरुवारी ठेवावा. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनीही पायांची वजने पूर्ण बंद करू नयेत. मजबूत मांड्या असतील तर उतार सोसवतो. पावसाळ्यात घाटात धुके असताना सायकलचा पर्याय चांगला आहे, कारण तिच्यात पाय आपटत नाहीत आणि पुढच्या वजनांच्या दिवशी पाय कमी जड वाटतात.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तर दोन्ही लागते, कारण मैदानी चाचणीत १६०० मीटर आणि १०० मीटर धावण्याबरोबर ७.२६ किलोचा गोळाही फेकायचा असतो. त्यांनी धावणे सकाळी आणि वजने संध्याकाळी ठेवावीत. चाचणी जवळ आल्यावर सेट कमी करावेत, पण बारवरील वजन फारसे उतरवू नये. मिळवलेली ताकद टिकवायला थोडा व्यायाम पुरतो.

चाळिशी ओलांडलेल्या, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या सभासदांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो. छातीत दुखले, चक्कर आली किंवा डाव्या हातात कळ आली, तर व्यायाम तिथेच थांबवून प्रशिक्षकांना हाक मारावी.

प्रत्येक सभासदाची वही काउंटरवर ठेवली आहे. तिच्यात वजने आणि रेप यांच्या शेजारी धावलेली मिनिटे लिहिण्यासाठी या महिन्यापासून एक नवा रकाना आखला आहे. बाहेर, गडावर किंवा मैदानावर केलेला व्यायामही त्यात लिहावा, म्हणजे पायांचा पुढचा दिवस कधी ठेवायचा हे आपल्याला प्रशिक्षकांसोबत बसून ठरवता येईल.