अन्न-कपडे वाटपाचं ॲप करून घ्यायचंय? आधी एवढं वाचा

आमच्याकडे एक मागणी वरचेवर येते. कधी तालमीचं मंडळ येतं, कधी बचत गटाच्या ताई, कधी मंगल कार्यालयाचे मालक स्वतः. म्हणणं साधारण एकच असतं: "जेवण मागवायचं ॲप असतं ना, तसलंच, फक्त उलटं. लोकांनी उरलेलं अन्न, चांगले कपडे त्यावर टाकायचे आणि गरजूंनी घ्यायचे. महिन्याभरात होईल की!"

आम्ही कोल्हापुरात सहा जण मिळून सॉफ्टवेअरचं काम करतो. अशी ॲप आम्ही बनवली आहेत आणि त्यातली काही बंद पडलेलीही पाहिली आहेत. पैसे भरण्याआधी तुम्हाला काय काय माहीत असायला हवं, ते या पत्रकात लिहिलं आहे.

देणारा, नेणारा, घेणारा

पहिल्या बैठकीत बहुतेक जण कागदावर जे चित्र काढतात त्यात वर कॅमेरा असतो, खाली "दान करा" असं मोठं बटण. म्हणजे सगळा विचार देणाऱ्याचा. पण देणाऱ्याला या ॲपची गरज वर्षातून फार तर दोनदा पडते: एकदा घरच्या कार्याला आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईला. दोन कामांसाठी कुणी ॲप फोनमध्ये ठेवत नाही. घेणाऱ्याकडून तर अपेक्षाच करू नका. फोन असतो, पण रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर मेमरी भरलेली. आणि "मला गरज आहे" असं बटण दाबायला कुणालाच आवडत नाही.

रोज ॲप उघडतो तो नेणारा. भर दुपारी ॲक्टिव्हा किंवा छोटा हत्ती घेऊन कार्यालयाच्या मागच्या दाराशी जाणारा तुमचा कार्यकर्ता. आम्ही ॲप त्याच्यासाठी बनवतो. देणाऱ्याला आम्ही व्हॉट्सॲपवरून उघडणारं एक पान देतो, त्याला काही डाउनलोड करावं लागत नाही. घेणाऱ्याच्या बाजूला असते वस्तीवरची एक ताई किंवा वसतिगृहाचे रेक्टर, आणि त्यांना जातो साधा फोन किंवा एसएमएस.

पातेल्याची गोष्ट

हा धडा आम्ही हात पोळून घेतला. आमच्या पहिल्या ॲपमध्ये वजन होतं, फोटो होता, नकाशा होता. वैशाखातल्या एका लग्नात पहिलं अन्न उचलायला आम्हीही गेलो होतो. आचाऱ्याला विचारलं, "किती किलो भात आहे?" तो आमच्याकडे बघतच राहिला. "किलो कुठलं? ऐंशी पानांचा असेल." आचारी पानांत मोजतो. त्या संध्याकाळी आम्ही किलोचा रकाना काढून टाकला.

खरी अडचण पुढे होती. भात होता पातेल्यात, पातेलं होतं भाड्याचं, आणि आमच्या पोरांकडे रिकामं भांडं नव्हतं. आचारी पातेलं सोडेना. बरोबरच आहे त्याचं. हरवलं तर त्याच्या बिलातून कापलं जाणार. शेवटी पातेलं नेलं, पण संध्याकाळी सातपर्यंत त्याचे अकरा फोन आले: "अहो दादा, भांडं कधी आणताय?" पुढच्या वेळी त्या कार्यालयातून फोन आलाच नाही.

आता आमच्या प्रत्येक ॲपमध्ये "भांडं कुणाचं, परत कधी" हा रकाना असतोच, आणि भांडं परत पोचल्याची नोंद झाल्याशिवाय ती फेरी पूर्ण झाली असं दिसत नाही. परदेशातली याच कामाची ॲप तुम्ही उघडून पाहिली असतील. ती दुकानातला बंद पुडक्यातला माल धरून बनवलेली असतात, त्यांना पातेलं धुऊन परत द्यावं लागत नाही.

दुसरी बारीक गोष्ट दाराची. नकाशावरची खूण कार्यालयाच्या कमानीवर पडते, जिथे बँड आणि सेल्फी काढणारी मंडळी असतात. भटारखान्याचं दार मागच्या बोळात. म्हणून प्रत्येक कार्यालयाची नोंद आम्ही एकदाच, जागेवर जाऊन, मागच्या दारात उभं राहून करतो.

भात किती वाजता उतरवला?

फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. अन्न ॲपवर कधी टाकलं याला अर्थ नाही, चुलीवरून कधी उतरवलं त्याला आहे. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, आणि मे महिन्यातला कोल्हापूरचा मांडव त्या पट्ट्यात नेमका बसतो. भाताचं तर वेगळंच आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. "वाफ आणून देतो की" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

त्यामुळे आमचं घड्याळ पदार्थावर चालतं. जिलबी, बुंदी, पुऱ्या यांना सवड असते. वरण, भात, रस्सा यांना उतरवल्यापासून दोन तास, आणि त्यातच लोकांच्या ताटात पडायला हवं. कोशिंबीर, मठ्ठा, बासुंदी आम्ही सरसकट नाही म्हणतो. यावर ग्राहक दर वेळी वाद घालतात, विशेषतः बासुंदीवरून. आम्ही बदलत नाही.

आणखी एक प्रश्न आहे: "काउंटरवरचं की पातेल्यातलं?" उष्टं आणि उरलेलं यातला फरक आपल्याकडे लहान पोरालाही कळतो, पण बुफेने तो पुसट केला आहे. पाहुण्यांनी डाव घालून ढवळलेला ट्रे आणि आत झाकून ठेवलेलं पातेलं एक नव्हे. आम्ही फक्त पातेल्यातलं घेतो.

आणि नकाराचं बटण मोठं ठेवतो. वधूपित्याने हात जोडून "घेऊन जा हो" म्हटल्यावर वीस वर्षांच्या पोराला नाही म्हणवत नाही. तेव्हा त्याने फोन पुढे करायचा, "काका, ॲप घेत नाही म्हणतंय." यंत्राच्या डोक्यावर खापर फुटलं की कुणाचा अपमान होत नाही.

एकालाच निरोप

व्हॉट्सॲप ग्रुपवर "80 पानं भात आहे" असं पडलं की काय होतं हे तुम्ही पाहिलंच असेल. पंधरा जण हात जोडतात आणि जात कुणीच नाही. नाहीतर तिघं एकदम पोचतात आणि पेट्रोल जाळून हात हलवत परततात. म्हणून निरोप आधी जवळच्या एकालाच जातो. त्याने दहा मिनिटांत "निघालो" दाबलं नाही तर पुढच्याला.

हा निरोप एसएमएसनेही जातो, कारण कार्यालयांच्या तळघरात नेट मिळत नाही. इथे मराठीची एक गंमत आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. तेवढ्यात सगळं बसवायचं. आमचा नमुना असा:

"भात 80 पानं. तयार 1.15. न्या 2.45 पर्यंत. हॉल दार 2. भांडं परत 7 ला."

जागा आणि विरामचिन्हं धरून 68. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नियमांमुळे अशा निरोपांचा नमुना मोबाइल कंपनीकडे आधी नोंदवावा लागतो, मग त्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. तेव्हा "आदरणीय अन्नदाते" वगैरे घालायचा आग्रह धरू नका.

घरातल्या दोन पोळ्यांचं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगभर सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांमधून. हा आकडा दाखवून काही जण म्हणतात, मग घरोघरचं अन्न का नाही घ्यायचं? कारण दोन पोळ्या आणि वाटीभर भाजीसाठी गाडी काढली तर अन्नापेक्षा पेट्रोल महाग पडतं. आम्ही 25 पानांखालची नोंद घेतच नाही. शेजारच्या वॉचमनला विचारून गरम असतानाच डबा द्यावा, त्याला ॲप लागत नाही.

कपडे: बोहारणीचा डोळा

कपड्यांना घड्याळ नाही, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. अन्न दोन तासांत संपतं, पण कपडे तुमच्या ऑफिसात दोन वर्षं पडून राहतात.

"नको असेल ते द्या, हवं असेल ते घ्या" अशी माणुसकीची भिंत तुमच्याही गावात झाली असेल. इराणमधल्या मशहदला 2015 साली अशी भिंत झाली आणि तिच्या बातम्या जगभर गेल्या. पुढे आपल्याकडेही गावोगाव खुंट्या लागल्या. पण पहिल्या वळवात खाली पडलेले शर्ट चिखलात गेले की त्या भिंतीकडे बघवत नाही. 2019 च्या महापुरानंतर इथेही गाठोडी उघडताना वाटायचं, पाठवणाऱ्यांनी एकदा तरी उलगडून पाहिलं असतं तर!

कपडे पारखावेत ते बोहारणीने. लहानपणी दारात बसून ती साडी उजेडात धरायची, काठ चिमटीत घेऊन ओढायची, पँटची चेन वर-खाली करायची आणि मग तीन पँटींवर एक स्टीलचा डबा. आमच्या कपड्यांच्या फॉर्ममध्ये तिचेच प्रश्न आहेत: विरलंय का, चेन आणि बटणं धड आहेत का, धुतलंय का. आतले कपडे फक्त नवे. फोटो एकच, आणि तो उजेडात धरून.

हे करायला ॲपच्या आधी एक खोली लागते, ज्यात निवड होईल. खोली नसेल तर कपड्यांचा भाग आम्ही बनवत नाही, तुम्ही पैसे देत असलात तरी. खोली असेल तर ॲप तिथल्या फळ्यांचा हिशेब ठेवतं: मापाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे. आपल्या भागात हंगामाला फार महत्त्व आहे. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि उघड्या रानात कोप्या करून राहतात. तेव्हा लहान पोरांचे स्वेटर आणि कानटोप्या हव्या असतात. तुमच्या फळीवर मात्र बहुधा लग्नातले शेरवानी कोट असतात. म्हणून ॲप आधी वस्तीवरची मागणी दाखवतं, मग देणाऱ्याला विचारतं. सप्टेंबरातच "2 ते 6 वर्षांचे स्वेटर 60 हवेत" असा निरोप गेला की कोटांची गाठोडी आपोआप कमी होतात.

काही संस्थांना फुकट वाटणं पटत नाही. अंशू गुप्ता यांनी 1999 साली सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने जुने कपडे गावाच्या श्रमाचा मोबदला म्हणून दिले. गुप्तांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या ॲपमध्ये दहा रुपये किंमत लावायची सोय आहे. दहा रुपये देणारी बाई साडी निवडून घेते, रंग आवडला नाही तर परत ठेवते. हा फरक एकदा बघून या.

फोटो

घेणाऱ्याचा फोटो आमच्या ॲपमध्ये काढता येत नाही. ही सोय करून द्या म्हणून प्रत्येक ग्राहक मागे लागतो, देणगीदारांना दाखवायला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची अट आहे हे एक कारण. पण कायदा नसता तरी हेच केलं असतं. पुरावा हवा तर रिकाम्या पातेल्याचा फोटो घ्या. देणाऱ्याला तोच जातो, आणि आचाऱ्यालाही बरं वाटतं.

नियम, पावत्या, खर्च

अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2019 चे नियम आहेत. संस्थेची नोंदणी, देणारा कोण, काय आणि किती आलं, कुठे गेलं याच्या नोंदी त्यात येतात. या नोंदी ॲपमधून आपोआप निघतात. नोंदणी मात्र तुम्हालाच करावी लागेल. वस्तूरूप दानावर आयकराची सवलत मिळत नाही, त्यामुळे "ॲपमधून पावती" हा विषय आम्ही घेत नाही.

सुरुवात फक्त अँड्रॉइडवर करा. प्ले स्टोअरचं खातं एकदाच 25 डॉलर, ॲपलचं दर वर्षी 99. खातं संस्थेच्याच नावाने उघडा, आमच्या नको आणि उत्साही कार्यकर्त्याच्या तर मुळीच नको. तो नोकरीला पुण्याला गेला की ॲपही त्याच्याबरोबर जातं. संस्थेच्या खात्यासाठी डन्स नंबर (संस्थेची ओळख पटवणारा नऊ आकडी क्रमांक) लागतो, तो यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात.

पहिली आवृत्ती दहा ते बारा आठवड्यांत होते. त्यातले तीन आठवडे आम्ही संगणकाला हातही लावत नाही, तुमच्या पोरांबरोबर फिरतो. हे दिवस बिलात असतात. ते कमी करा असं म्हणणाऱ्यांना आम्ही काम दुसरीकडे द्यायला सांगतो.

पहिल्या भेटीला येताना

दोन महिने एक फोन नंबर आणि एक वही यांवर काम चालवून बघा. कुणाचा फोन आला, किती वाजता, किती पानं, कोण गेलं, भांडं कधी परतलं, एवढंच लिहा. महिन्याला पंधरा फोनही येत नसतील तर वहीच पुरते, आमच्याकडे येऊ नका. जास्त येत असतील तर ती वही घेऊन या, डाग पडलेली असली तरी चालेल. येताना नेणाऱ्यांपैकी एकाला बरोबर आणा. अध्यक्ष नाही आले तरी चालतील.

लग्नसराईत दुपारी 1 ते 3 आम्ही फोन उचलत नाही. त्या वेळी कुठल्यातरी मागच्या दारात उभे असतो.