चिखलपट्टा (भरती-ओहोटीचा)

भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी गाळाची सपाट किनारभूमी. लाटांचा जोर पोहोचत नाही अशा खाड्यांत, नदीमुखांपाशी आणि बेटांच्या आडोशाला ती तयार होते. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण सुटे तरंगत येतात. खारे पाणी मिसळले की ते एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. उधाणाची भरती पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत चढते, भांगाच्या, म्हणजे भरती सर्वांत कमी चढते त्या दिवसांत ती कडा कोरडीच राहते.

दुरून हा पट्टा ओसाड दिसतो आणि हाच समज त्याच्या मुळावर आला आहे. वरचा तपकिरी थर बोटाने उकरला की लगेच काळा चिखल लागतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो; तिथे प्राणवायू नसतो. पृष्ठभागावरची सोनेरी झाक डायटम या एकपेशीय शैवालांची. ओहोटीला ती उन्हासाठी वर सरकतात, पाणी येण्याआधी पुन्हा आत शिरतात. इथल्या कितीतरी गोगलगायींचे, किड्यांचे आणि खेकड्यांचे पोट त्यांच्यावर चालते.

उष्ण प्रदेशांतला सर्वांत नवलाचा रहिवासी म्हणजे निवटी. मासा असूनही ती छातीच्या परांवर रेटा देत चिखलावर चालते आणि ओल्या त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. तिच्या बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून काही जातींत मासा तोंडात हवा भरून बिळात नेतो आणि अंड्यांच्या कप्प्यात सोडतो. घोटाघोटाने अंड्यांना हवा पुरवणारा हा मासा एकदा समजला की चिखलाकडे बघण्याची नजरच बदलते.

किनारपक्ष्यांसाठी हे पट्टे लांबच्या वाटेवरचे अन्नछत्र. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या एका पाणटिवळ्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर कुठेही न थांबता ११ दिवसांत कापले. वसंतात उत्तरेकडे परतताना मात्र या जातीचे थवे चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्राच्या चिखलावर उतरतात आणि पुढच्या उड्डाणासाठी चरबी साठवतात. तिथेच, दक्षिण कोरियातील सेमांगुमला, २००६ मध्ये ३३ किलोमीटरची समुद्रभिंत पूर्ण झाली आणि भरतीचा रस्ता अडला. त्याच देशातले काही चिखलपट्टे २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरले. युरोपातील वाडन समुद्राला तो मान २००९ मध्येच मिळाला होता.

कोरियातल्या बायका अजूनही लांब फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत शिंपले गोळा करायला जातात. नुसत्या पायांनी गेले तर चिखल मांडीपर्यंत ओढून घेतो.