इरिटेबल बॉवेल सिंड्रोम

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, बोलण्यात आयबीएस, हा आतड्यांच्या कामकाजाचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. पोटात वारंवार मुरडा येतो, शौचाच्या वेळा आणि मळाचे स्वरूप बदलते, गुबारा धरतो, कधी शेम पडते, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी यांत मात्र बहुधा काहीच सापडत नाही. म्हणूनच अनेक रुग्णांना ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून घ्यावे लागते. हे विधान वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे आणि रुग्णावर अन्याय करणारेही.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे असते आणि त्याची मेंदूशी दोन्ही बाजूंनी सतत देवाणघेवाण चालते. सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा शरीरातला सुमारे ९० टक्के साठा आतड्यात असतो, आणि आतड्याची हालचाल व संवेदना यांत त्याचा वाटा मोठा आहे. आयबीएसमध्ये ही देवाणघेवाण बिघडते. गुदाशयात लहान फुगा हळूहळू फुगवून केलेल्या प्रयोगांत दिसले की, इतरांना जो ताण जेमतेम जाणवतो तोच अनेक रुग्णांना दुखतो. पोटात वायू नेहमीइतकाच असतो, पण तो सहन होत नाही. मानसिक ताणाने त्रास वाढतो हे खरे. पण ताण हेच एकमेव कारण नव्हे. बऱ्याच जणांचा त्रास जुलाबाच्या एखाद्या तीव्र संसर्गानंतर सुरू होतो. २००० साली कॅनडातील वॉकरटन या गावी पिण्याचे पाणी दूषित होऊन दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तेथील रहिवाशांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्या साथीत आजारी पडलेल्यांमध्ये आयबीएसचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले.

निदानासाठी २०१६ पासून ‘रोम ४’ हे निकष वापरले जातात. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी हवी. शौचाशी तिचा संबंध, शौचाच्या वेळांतील बदल आणि मळाच्या स्वरूपातील बदल, या तिनांपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेले असावे लागतात. मळाचे स्वरूप ब्रिस्टल तक्त्यातील सात प्रकारांवरून ठरवतात आणि त्यानुसार बद्धकोष्ठप्रधान, जुलाबप्रधान, मिश्र असे गट पाडतात. म्हणजे हे निदान लक्षणांवरून थेट करता येते. सगळे आजार एकेक करून वगळत बसण्याची गरज नसते. मात्र मळातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काही असेल तर आयबीएस म्हणून थांबू नये, पुढील तपासणी करून घ्यावी. गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक रोग आणि दुधातील लॅक्टोज न पचणे यांची लक्षणेही अशीच असतात.

भारतात याला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. पोटात मुरडा आणि शेम म्हणजे ‘जुनी आव’ असे समजून मेट्रोनिडॅझोल या अमीबावरच्या औषधाचे कोर्स पुन्हा पुन्हा देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. अमीबा नसताना घेतलेल्या या गोळ्यांनी मूळ त्रास जात नाही. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २००८ मधील अहवालात भारतीय समाजातील आयबीएसचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले. पाश्चात्त्य देशांत रुग्णांमध्ये स्त्रिया अधिक असतात. या पाहणीत स्त्री-पुरुषांतला फरक नगण्य होता.

आहाराच्या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेल्या लो-फॉडमॅप पद्धतीचा. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या आणि पुढे जिवाणूंमुळे आंबणाऱ्या शर्करा. त्या दोन ते सहा आठवडे कमी करायच्या, मग एकेक पदार्थ परत आणून आपल्याला कोणता बाधतो ते पाहायचे. हा दुसरा टप्पाच महत्त्वाचा. पहिल्या टप्प्यावर अडकलेला माणूस विनाकारण अर्धे ताट सोडून बसतो. मराठी स्वयंपाकात कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा आणि दूध हे मुख्य संशयित. भात आणि ज्वारीची भाकरी बहुतेकांना सोसते. लसणातील फ्रुक्टन नावाच्या अशा शर्करा तेलात उतरत नाहीत, त्यामुळे फोडणीत लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घेता येतो. बाजारातल्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे ध्यानात ठेवावे. हा प्रयोग शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. आधीच वजन कमी असलेल्यांनी तर एकट्याने करूच नये.

चोथ्याबाबत सरसकट सल्ला चालत नाही. विरघळणारा चोथा, म्हणजे इसबगोल, थोड्यापासून सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास उपयोगी पडतो. गव्हाच्या कोंड्याने पोट उलट आणखी फुगू शकते. मुरड्यासाठी मेबेव्हेरिनसारखी औषधे किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, जुलाबासाठी लोपेरामाइड, असे उपचार लक्षणांनुसार ठरतात. अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत दिले जाते. ते नैराश्यावरचे औषध म्हणून ओळखले जात असल्याने रुग्ण बिचकतात. पण इथे ते आतड्याच्या वेदना शमवण्यासाठी असते. बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) आणि आतड्यांसाठीचे संमोहन यांचाही फायदा होतो. संमोहनाची पहिली नियंत्रित चाचणी १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती.

आयबीएसचा कर्करोग होत नाही आणि त्याने आयुष्य कमी होत नाही. हानी होते ती रोजच्या जगण्याची. मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. विरारहून चर्चगेटला निघालेला जुलाबप्रधान रुग्ण घरून काही न खाता निघतो, वाटेतल्या कोणत्या स्थानकावर उतरता येईल ते पाठ करून ठेवतो. स्त्रियांची अडचण त्याहून मोठी, कारण वापरण्याजोगी सार्वजनिक स्वच्छतागृहे त्यांच्यासाठी आणखी कमी. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहाजवळची जागा आणि मध्येच उठून जाण्याची मोकळीक एवढ्यानेही अशा माणसाचा दिवस बराच सुकर होतो.