हाडं वाडग्यात, बाकीची कोंबडी काडीवर

जपानमध्ये कोंबडीचा रामेन, म्हणजे हाडांच्या रसातल्या शेवया, आणि याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेली कोंबडी, एकाच छपराखाली देणारं दुकान शोधायला फार हिंडावं लागत नाही. रेल्वेच्या पुलाखाली, स्टेशनामागच्या बोळात दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसतील एवढा लाकडी कट्टा असतो आणि पलीकडे लांबट, अरुंद शेगडी. या शेगडीला जाळी नसते, हे पहिल्या भेटीत लक्षातही येत नाही. दोन लोखंडी पट्ट्या समांतर ठेवलेल्या असतात. बांबूच्या काडीची दोन टोकं त्यांच्यावर टेकतात आणि मांस मधल्या मोकळ्या जागेत निखाऱ्यांवर अधांतरी भाजतं. भाजणारा एका हाताने काड्या फिरवतो, दुसऱ्या हाताने पंख्याने वारा घालतो. मागे पातेल्यात हाडं रटरटत असतात.

एकाच कोंबडीच्या या दोन वाटा. मांस, कातडी, कलेजी, पेठा काडीवर जातो. उरलेला सापळा आणि पाय पातेल्यात. हे जेवण इतकं मुरलेलं वाटतं की जपानी माणूस हजार वर्षं हेच खात आला असेल अशी कुणाचीही समजूत व्हावी. पण कोंबडीची काडी आणि रामेनचा वाडगा हे दोन्ही १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी काळापासूनचे, म्हणजे गेल्या दीडशे वर्षांतले. सर्वांना परवडणारी कोंबडी तर साठेक वर्षांपूर्वीची. दोन्ही पदार्थांचा जन्म दुसऱ्यांनी नाकारलेल्या भागांतून झाला, आणि म्हणूनच त्यांच्यात एवढी कारागिरी आली असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात बंदीपासून करावी लागते. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने फर्मान काढलं: चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायची नाही. बौद्ध धर्माचा प्रभाव त्यामागे होताच, पण महिने पाहिले की शेतीचा हंगामही दिसतो. रानडुक्कर आणि हरीण त्या यादीत नव्हते. बैल नांगराला, घोडा स्वारीला, कुत्रा राखणीला, आणि कोंबडा पहाट सांगायला. जपानी पुराणकथेत सूर्यदेवी आमातेरासू रुसून गुहेत जाऊन बसते, जग अंधारतं, तेव्हा तिला बाहेर काढण्यासाठी देव कोंबडे गोळा करून त्यांना आरवायला लावतात. तिच्या इसे इथल्या मंदिराच्या आवारात आजही कोंबड्या मोकळ्या हिंडतात. असा पक्षी कापून खाणं सहजी पचणारं नव्हतं.

पुढच्या शतकांत बंदी कधी सैल झाली, कधी नव्या फर्मानांनी घट्ट झाली. रानपक्षी मात्र खाल्ले जातच होते. मेइजीच्या आधीच्या एदो काळात, १६४३ च्या एका पाककृतींच्या पुस्तकात कोंबडीचे पदार्थ उघडपणे दिसतात. १७८५ मध्ये तर अंड्याच्या शंभरेक कृतींचं पुस्तक निघालं. अंडं आधी रुळलं, कोंबडी मागून आली. त्यातही मान होता शामोला. सयाम, म्हणजे आजच्या थायलंडच्या नावावरून हे नाव पडलं. मूळचा हा झुंजीचा कोंबडा, उंच, ताठ, घट्ट मांसाचा. त्याचं मांस उकळत्या भांड्यात शिजवून वाढणारी दुकानं शामोया म्हणून ओळखली जात.

मग काडीवर भाजलेला पहिला पक्षी कोणता? चिमणी. क्योटोच्या फुशिमी इनारी मंदिराच्या वाटेवर भाजलेल्या चिमण्या विकायची जुनी पद्धत आहे. इनारी ही भाताची देवता आणि चिमण्या भाताच्या वैरी, म्हणून तिच्या दारात त्यांचं भाजणं. टोकियोच्या झोशिगाया भागातल्या किशिमोजिन मंदिराजवळही अशाच काड्या मिळत. याकितोरी या शब्दाचा अर्थ फक्त ‘भाजलेला पक्षी’. त्यात कोंबडी नाहीच.

१८६८ मध्ये मेइजी राजवट आली आणि मांसाकडे बघण्याची नजर बदलली. १८७२ मध्ये सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी मुद्दाम लोकांपर्यंत पोचवली गेली. शहरात शामोयांची चलती झाली, पण कोंबडी महाग होती. मजुराच्या वाट्याला आलं ते या दुकानांच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडणारं उरलंसुरलं. मात्सुबारा इवागोरो नावाच्या पत्रकाराने टोकियोच्या गरीब वस्त्यांत राहून १८९३ मध्ये जे लिहिलं, त्यात याकितोरीचं वर्णन आहे. शामोयाकडून आणलेली आतडी-कलेजी काडीला लावून, ईल मासा भाजतात तशी गोड-खारट रसात बुडवून भाजलेली. एका काडीला ३ ते ५ रिन. १,००० रिनचा एक येन. त्या खमंग वासाला कष्टकरी मुंग्यांसारखे जमतात, असं तो लिहितो. त्या काळच्या टोकियोत अंगमेहनतीचं मोठं काम म्हणजे माणसाने ओढायची गाडी, जिनरिकिशा. आपल्या रोजच्या बोलण्यातली ‘रिक्षा’ त्याच शब्दातून आली.

त्या वर्णनातल्या रसाची गोष्ट महत्त्वाची आहे. शोयू म्हणजे सोयाबीनचा सॉस, मिरिन ही गोडसर तांदळाची दारू, साके आणि साखर आटवून हा ‘तारे’ करतात. आतड्याचा उग्र वास मारायचा तर असलाच दाट रस हवा. आजही मिठावरची काडी हवी की तारेची, हे दुकानदार विचारतो. मिठाला ‘शिओ’ म्हणतात. जुन्या दुकानांत तारेचं मडकं रिकामं करत नाहीत. रोज नवा रस ओतायचा, त्यातच काड्या बुडवायच्या, चरबी आणि धूर त्यात उतरत राहायचा. आपल्याकडे विरजणाचं जसं असतं तसंच हे: कालचं थोडं आजच्यात.

रामेनची वाट बंदरांतून आली. १८५९ मध्ये योकोहामा परदेशी व्यापाराला खुलं झालं, तिथे चिनी वस्ती उभी राहिली आणि तिच्याबरोबर गव्हाच्या शेवया. या शेवयांच्या पिठात कान्सुई नावाचं क्षारयुक्त पाणी घालतात. पापडाच्या पिठात आपण पापडखार घालतो, त्याच जातीचे क्षार. त्यानेच शेवया पिवळसर होतात आणि रसात पडूनही चिवट राहतात. १९१० मध्ये ओझाकी कानइची या योकोहामाच्या जकात खात्यातल्या माजी नोकरदाराने टोकियोच्या आसाकुसात राइराइकेन हे दुकान काढलं आणि योकोहामाच्या चिनी वस्तीतून बारा स्वयंपाकी आणले. कोंबडीची आणि डुकराची हाडं उकळून केलेला रस, वर शोयू. जपानी जिभेला ओळखीचा शोयू आणि चिनी हाडांचा रस यांची ही गाठ टोकियोच्या रामेनचा पाया ठरली. इथेही हाडंच, मांस नव्हे.

युद्धाने दोन्ही पदार्थ रस्त्यावर आणले. १९४५ नंतर तांदूळ मिळत नव्हता, अमेरिकेचा गहू येत होता, आणि स्टेशनांजवळच्या काळ्या बाजारांत शेवयांच्या गाड्या लागल्या. टोकियोतल्या शिंजुकूची ओमोइदे योकोचो ही गल्ली अशाच बाजारातून उरलेली. तिथे जनावरांची आतडी भाजून विकत, कारण मांसावर सरकारी नियंत्रण होतं, आतड्यांवर नव्हतं. कोंबडी परवडत नव्हती म्हणून डुक्कर काडीवर आलं, तरी नाव याकितोरीच राहिलं. होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये आजही याकितोरी मागितली तर डुकराचं मांस, मध्ये कांदा आणि बाजूला मोहरी मिळते. तिथल्या माणसांना त्यात काही चुकीचं वाटत नाही, आणि मलाही नाही.

मग १९५८ साल. तैवानमध्ये जन्मलेले मोमोफुकू आंदो ओसाकाजवळच्या इकेदात, घरामागच्या खोपटात वर्षभर खपत होते. उकळतं पाणी ओतलं की खायला तयार होतील अशा शेवया त्यांना करायच्या होत्या. तेलात भज्यासारखा टेम्पुरा तळला जाताना पिठातलं पाणी उडून बारीक भोकं पडतात हे त्यांनी पाहिलं, आणि शेवया तळायची युक्ती तिथेच सापडली. २५ ऑगस्ट १९५८ ला ‘चिकन रामेन’ बाजारात आला. किंमत ३५ येन, म्हणजे ताज्या शेवयांच्या कितीतरी पट. चव कोंबडीचीच का, याचं त्यांनी सांगितलेलं कारण घरातलं आहे. परसात कोंबड्या होत्या. एकदा कापताना एकीने उसळी घेतली आणि रक्त उडालं. तेव्हापासून त्यांच्या लहान मुलाने कोंबडी सोडली. पण कोंबडीच्या रसातला रामेन तो आवडीने खाई. पुढे आंदोंनी याला एक व्यापक विचारही जोडला: हिंदू गाय खात नाहीत, मुसलमान डुक्कर खात नाहीत, पण कोंबडी निषिद्ध मानणारा धर्म किंवा देश नाही.

माळकरी आणि जैन घरांत वाढलेल्यांना हे वाक्य खटकेल. मला जास्त थांबवतं ते वेगळंच. ज्या देशात हे म्हटलं गेलं, तिथेच ६७५ मध्ये कोंबडीवर बंदी होती. तेराशे वर्षांत ती स्मृती इतकी पुसली गेली की कोंबडी ही कुणालाच न दुखावणारी चव वाटू लागली.

तरीही १९५८ मध्ये खरी कोंबडी महागच होती. बदल झाला तो अमेरिकेतून ब्रॉयलर आल्यावर, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आणि साठीत. तोवर ताटात येई ती बहुधा अंडी देऊन थकलेली म्हातारी कोंबडी. आता खास मांसासाठी वाढवलेली, पन्नासेक दिवसांत तयार होणारी, मऊ कोंबडी मिळू लागली. डुकरापासून पुन्हा कोंबडीकडे येणं परवडू लागलं आणि ऑफिस सुटल्यावर बिअरबरोबर दोन-चार काड्या हा नोकरदारांचा रिवाज झाला.

आणि स्वस्त कोंबडीबरोबर हाडंही मुबलक झाली. क्योटोत १९७१ मध्ये किमुरा त्सुतोमू यांनी तेनकाइप्पिन या नावाने रामेनची गाडी सुरू केली आणि पुढची काही वर्षं रस घट्ट करण्यात घालवली. कोंबडीची हाडं आणि भाज्या आटवून त्यांनी जो रस काढला तो चमच्याने उचलावा असा दाट. त्याला ‘कोत्तेरी’ म्हणतात.

हाडांपासून दोन अगदी वेगळे रस निघतात, आणि फरक फक्त आचेचा. मंद आचेवर, पाणी जेमतेम हललं न हललं असं तासन्‌तास ठेवलं की निवळ, सोनेरी ‘चिंतान’ मिळतो. कोल्हापूरकडचं अळणी ज्यांनी प्यायलंय त्यांना याची जात ओळखू येईल. तीच हाडं मोठ्या आचेवर खदखदा उकळली की कातडी-कूर्चेतलं कोलॅजन जिलेटिन होऊन सुटतं, चरबीचे बारीक थेंब त्यात धरले जातात आणि रस दुधासारखा पांढरा होतो. तो ‘तोरी पायतान’; ओठ एकमेकांना चिकटतात इतका. डुक्कर न खाणाऱ्यांनी मात्र एक विचारून घ्यावं: रस कोंबडीचा असला तरी वर ठेवलेले मांसाचे काप पुष्कळदा डुकराचे असतात.

याकितोरीच्या दुकानातली दुसरी कारागिरी कोळशाची. वाकायामा भागात, तानाबे गावच्या बिच्चूया चोझाएमोन नावाच्या व्यापाऱ्याने सतराव्या शतकाच्या शेवटी ज्याला बाजार मिळवून दिला तो कोळसा त्याच्याच नावाने ‘बिंचोतान’ झाला. उबामे या ओक जातीच्या चिवट झाडाचं लाकूड भट्टीत घालतात, शेवटी १,००० अंशांवर तापवून लालभडक बाहेर ओढतात आणि राख-मातीखाली विझवतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखे खणखणतात. ज्योत नाही, स्वतःचा धूर जवळपास नाही, फक्त तीव्र, एकसारखी धग. बाहेर खरपूस आणि आत रसाळ होतं ते त्यामुळे. धूर येतो तो निखाऱ्यावर पडलेल्या चरबीचा, आणि तोच हवा असतो.

स्वस्त कोंबडी सगळीकडे झाल्यावर घट्ट, चवीच्या जुन्या कोंबडीची आठवण होणं साहजिक होतं. आकिता प्रांतातली हिनाइदोरी ही जात १९४२ मध्येच नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित झाली, म्हणजे ती खायची सोय नव्हती. म्हणून तिचा ऱ्होड आयलंड रेड या अमेरिकी जातीशी संकर करून खाण्याची कोंबडी काढली गेली. नागोयाची कोचिन तर मेइजीच्या सुरुवातीला माजी सामुराईंनी, तलवार गेल्यावर पोटापाण्यासाठी घडवलेली. १९९९ मध्ये ‘जिदोरी’, म्हणजे गावरान कोंबडी, कशाला म्हणायचं याचं सरकारी मानकच आलं: निम्मं तरी रक्त देशी जातीचं, अठ्ठाविसाव्या दिवसापासून जमिनीवर मोकळी, एका चौरस मीटरला दहाहून जास्त नकोत, आणि आता किमान ७५ दिवसांचं आयुष्य. टोकियोच्या गिन्झातल्या बर्ड लँड या याकितोरीच्या दुकानाला, उत्तम हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडच्या २०१० च्या आवृत्तीत तारा मिळाला, तो अशाच शामोच्या काड्यांवर. २०१५ च्या डिसेंबरात टोकियोतल्याच सुगामोचं त्सुता हे तारा मिळवणारं पहिलं रामेनचं दुकान ठरलं.

ताऱ्यांचं कौतुक आहेच, पण मला त्या दुकानांतल्या यादीचं जास्त वाटतं. नेगिमा म्हणजे तंगडीचं मांस आणि जपानी कांद्याची पात; हात्सु म्हणजे काळीज, इंग्रजी शब्दावरून; सुनागिमो म्हणजे ‘वाळूची कलेजी’, आपला पेठा; सेसेरी मानेचं; नानकोत्सु कूर्चेचं; बोंजिरी शेपटीच्या टोकाचं, एका कोंबडीला एकच मिळणारं. १८९३ ची ती आतडी-कलेजी इथे एकेका नावाने, एकेका काडीवर वेगळी झाली आहे. प्रत्येक तुकड्याची आच वेगळी, कापायची तऱ्हा वेगळी. फक्त काडीत मांस नीट ओवायला शिकण्यात शिकाऊ पोराचे महिने जातात.

शेवटची काडी संपली की पुष्कळ दुकानांत न मागता एक छोटा कप समोर येतो. दिवसभर मागे उकळलेल्या सापळ्यांचा रस, चिमूटभर मीठ, वर बारीक चिरलेली पात. भूक असेल त्याच्यासाठी त्याच पातेल्यातला रस वाडग्यात ओततात आणि शेवया सोडतात.