फळीवर वंदना

गणपतीत आरतीच्या घोळक्यात जरा कान देऊन उभं राहा. ‘लंबोदर पीतांबर’च्या पुढे कुणी ‘फणिवरबंधना’ म्हणतं, कुणी बिनदिक्कत ‘फळीवर वंदना’. कमरेला नाग बांधलेला देव फळीवर कधी जाऊन बसला, हे विचारायला कुणाला सवड नसते. या चुकीवर दरवर्षी विनोद होतात. मला मात्र तिचं कौतुक वाटतं, कारण ती फार शिस्तीत झालेली चूक आहे.

ण आणि ळ म्हणून पाहा. जिभेचं टोक दोन्ही वेळा मागे वळून जवळपास त्याच जागी टाळूला लागतं. ण म्हणताना हवा नाकातून जाते, ळ म्हणताना जिभेच्या कडांवरून, एवढाच काय तो फरक. ब आणि व दोन्ही ओठांपाशीच होतात. ध मधला श्वासाचा झोत काढला की उरतो द. म्हणजे तिन्ही अक्षरं गेली ती शेजारच्याच घरात! झांजांच्या खणखणाटात असले बारीक फरक आधी बुडतात. कानात अर्धामुर्धा आवाज पोचतो आणि मेंदू तो ओळखीच्या शब्दांशी जुळवून घेतो. ‘फणिवर’ रोजच्या बोलण्यात कुठे भेटतो? फळी घरोघरी असते, आणि आरतीत वंदना शोभूनही दिसते. (एकाचं ऐकून दुसरा शिकतो, हेही आहेच.)

‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं तेव्हा तर मेंदू नसलेला ष पदरचा घालतो. त्याची ही सवय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये प्रयोगात पकडली. एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातला एक स कापून तिथे त्यांनी खोकला चिकटवला. २० पैकी १९ श्रोते म्हणाले, काहीच गळालेलं नाही. खोकला नेमका कोणत्या अक्षराशी आला, तेही कुणाला सांगता आलं नाही. गाळलेला स त्यांना चक्क ऐकू आला होता.

पण गोंगाट नसताना, एकच ध्वनिफीत ऐकणाऱ्या दोघांचं भांडण का व्हावं? मे २०१८ मध्ये तसं झालं. एका छोट्या फितीत कुणाला ‘लॉरेल’ ऐकू येई, कुणाला ‘यॅनी’, आणि दोघांनाही समोरचा थापा मारतोय असं वाटे. मूळ शब्द होता लॉरेल, एका ऑनलाइन शब्दकोशासाठी उच्चारलेला. स्पीकरमधून वाजवून पुन्हा टिपताना त्याचा वरच्या वारंवारतेचा भाग उठून दिसू लागला. हा वरचा भाग यॅनीसारखा, खालचा लॉरेलसारखा. वरचा भाग गाळला की लॉरेल उरतो, खालचा गाळला की यॅनी. मोबाइलचा चिमुकला स्पीकर खालचे स्वर नीट वाजवत नाही, वयानुसार कानांना वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे पारडं इकडेतिकडे झुकतं. तरीही एकाच फोनवर, शेजारी बसून ऐकणाऱ्या समवयस्कांचंही एकमत होईना. आवाज दोन्ही बाजूंचा पुरावा देत होता आणि मेंदू निकाल मात्र एकच देतो.

काही फरक पाळण्यात असतानाच ठरून जातात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख पुसलेली असते. आपल्याकडच्या बाळाला हा फरक रोज कानी पडतो, म्हणून त्याचा टिकतो.

यंदा आम्ही छापील आरतीसंग्रह वाटले. डोळ्यांसमोर शब्द असला की कानही तोच उचलतात, आणि मला ‘फणिवर’ लख्ख ऐकू आलं. शेजारचे काका मात्र पुस्तक हातात धरून, चष्मा लावून, खणखणीत आवाजात फळीवरच होते.